कपाट, सातबारा आणि थकलेली हार्ड डिस्क

संगणकाची पहिली ओळख करून देताना आपण वर्गात एक वाक्य हमखास उच्चारतो : "हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कपाट." त्याला जोडून दुसरे वाक्य येते : "रॅम म्हणजे टेबल." काम करताना लागणारी पुस्तके टेबलावर घ्यायची, काम संपले की कपाटात ठेवायची. लाईट गेली की टेबल रिकामे होते, कपाट मात्र भरलेलेच राहते. मुलांना हे पटकन समजते, परीक्षेत लिहिता येते आणि आपण पुढच्या घटकाकडे वळतो.

ही उपमा वाईट आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. तात्पुरती स्मृती आणि कायमची साठवण यांतला फरक ती उत्तम दाखवते. प्रश्न पुढचा आहे. ही उपमा जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही. ती शिक्षकाच्या, लिपिकाच्या आणि मुख्याध्यापकांच्या मनात घर करून बसते, आणि एके दिवशी शाळेतील संगणक कुरकुरू लागला की त्याच उपमेच्या आधारे निर्णय घेतले जातात. ते निर्णय बहुधा चुकतात. या लेखात त्या उपमेची तपासणी करायची आहे आणि ती करताना जुन्या संगणकातील निकामी होत चाललेली हार्ड डिस्क बदलण्याचे काम नीट समजून घ्यायचे आहे.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही

शाळेच्या कार्यालयातील संगणकात काय काय असते ते आठवून पाहा. प्रवेश-निर्गमाच्या नोंदींची टंकलिखित प्रत, निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, वेतनाची बिले, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. यांतील काही गोष्टी कागदावर आहेत, काही शासनाच्या संकेतस्थळांवर आहेत. परंतु बऱ्याच गोष्टी त्या एका तबकडीवरच असतात. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात डिस्क बिघडली, तर बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारी प्रयोगशाळा गाठण्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते, आणि तिचा खर्च शाळेच्या सादिलवारात बसत नाही. म्हणजे हे ज्ञान जवळ असणे हीच तिथली खरी सोय आहे.

दुसरी बाजू मुलांची. संगणक कक्षात दहा यंत्रे असावीत, त्यांतली चार "बंद" असावीत आणि त्या चारांपैकी दोन-तीन केवळ डिस्कमुळे बंद असावीत, हे दृश्य कोणत्याही जिल्ह्यात अशक्य नाही. नव्या संगणकाच्या किमतीच्या एका लहान हिश्शात येणारा एक भाग बदलला नाही, म्हणून वीस मुलांच्या वाट्याचे तास जातात.

कपाट फिरत नाही

उपमेचा पहिला दोष असा की, कपाट स्थिर असते. हार्ड डिस्क हे मात्र संगणकातील अतिशय वेगवान यांत्रिक साधन आहे. डेस्कटॉप संगणकातील नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो. परिघाचे सूत्र वापरून मुलांना कडेचा वेग काढू द्या : ३.१४ × ०.०९५ × १२० म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ मीटर, अर्थात ताशी जवळजवळ १३० किलोमीटर. हिंगोली-नांदेड रस्त्यावरची एस.टी. या वेगाच्या जवळपासही जात नाही.

या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर माहिती वाचणारे-लिहिणारे शीर्ष, म्हणजे हेड, तबकडीला न टेकता तरंगत असते. मधले अंतर अवघे काही नॅनोमीटर. ते ८ नॅनोमीटर धरू. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. आता प्रमाण वाढवून पाहू. हेड आणि तबकडी यांतले अंतर १ मिलिमीटर मानले, तर त्याच प्रमाणात केस १० मीटर जाड होईल, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. ५ मायक्रोमीटरचा एखादा धुळीचा कण सव्वासहाशे मिलिमीटरचा धोंडा होईल. वसमतच्या बाजारात हळदीच्या हंगामात हवेत जी पिवळी धूळ दिसते, तिच्यातला बारीकसा कणही या हिशेबात डोंगर आहे.

म्हणूनच डिस्कचे झाकण कधीही उघडायचे नसते. याच ठिकाणी आणखी एक गैरसमज दूर करता येतो. "डिस्कच्या आत निर्वात पोकळी असते" असे पुष्कळदा सांगितले जाते. निर्वात पोकळीत हेड तरंगणारच नाही! तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावरच ते तोलले जाते. नेहमीच्या डिस्कला एक बारीक श्वसनछिद्र असते, त्याच्या आत गाळणी असते आणि बाहेर "हे छिद्र झाकू नये" अशी सूचना असते. २०१३ पासून मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरू लागले, परंतु तिथेही वायू लागतोच.

विजेचे काय? २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले आणि "लाईट जाऊन डिस्क उडाली" हे वाक्य त्या काळात रूढ झाले. वस्तुस्थिती अधिक मनोरंजक आहे. वीज जाताच फिरणारी तबकडी स्वतःच्या गतीमुळे मोटरला डायनामोसारखी फिरवते. त्यातून मिळालेल्या क्षणभराच्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवले जाते. नववी-दहावीतला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा इथे प्रत्यक्ष कामाला आलेला आहे. धोका असतो तो अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलला, वारंवार थांबण्या-सुरू होण्याला आणि वीज परत येताना दाब वरखाली झाल्यास पॉवर सप्लाय व डिस्कवरील सर्किटला. कपाटाच्या उपमेतून यांपैकी काहीच सुचत नाही. उलट, चालू संगणक उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवण्यास ती उपमा मूक संमती देते. कपाट सरकवले म्हणून आतले कागद थोडेच फाटतात!

पुसणे म्हणजे काय?

दुसरा दोष याहून गंभीर आहे. कपाटातली वस्तू काढली की जागा रिकामी होते. डिस्कवर तसे होत नाही. इथे आपल्याकडच्या मुलांना जवळची वाटेल अशी दुसरी उपमा सुचवतो : सातबारा.

डिस्क हे शिवार समजा. शिवाराचे गट पाडलेले असतात, तसे डिस्कचे सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये पूर्वापार ५१२ बाइट मावतात (सुमारे २०१० नंतरच्या डिस्कमध्ये आतून ४०९६ बाइटचे मोठे सेक्टर आले). ५०० गीगाबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे ९७ कोटी सेक्टर होतात. कोणती फाइल कोणकोणत्या सेक्टरांत आहे याचे एक वेगळे दप्तर त्याच डिस्कवर असते. तोच सातबारा.

आता फाइल पुसली, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव कमी केले. जमीन तिथेच आहे आणि तिच्यावरचे उभे पीकही तिथेच आहे. दुसऱ्या कोणी येऊन ती जमीन नांगरेपर्यंत ते तसेच राहणार. डिस्क "क्विक फॉरमॅट" केली, म्हणजे दप्तर नवे केले. शिवार जसेच्या तसे. या एका उपमेने तीन व्यवहार स्पष्ट होतात. चुकून पुसलेली फाइल परत का मिळू शकते, ती मिळवायची असेल तर त्या डिस्कवर नवे काहीही का लिहू नये, आणि शाळेचा जुना संगणक फॉरमॅट करून भंगारात दिला तरी त्यातली मुलांची नावे, जन्मतारखा व खातेक्रमांक दुसऱ्याच्या हाती का जाऊ शकतात.

याच उपमेने तिसरी गोष्टही समजावता येते. तबकडीवरचे काही सेक्टर काळाच्या ओघात वाचता येईनासे होतात. डिस्कने यासाठी काही राखीव सेक्टर ठेवलेले असतात. खराब सेक्टरचा क्रमांक तोच ठेवून डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते. धरणात जमीन गेली की पर्यायी जमीन मिळते, तसेच हे. पूर्णा नदीवरच्या येलदरी-सिद्धेश्वर परिसरातील मुलांनी "पर्यायी जमीन" हे शब्द घरात ऐकलेले असतील. फरक इतकाच की इथे गट क्रमांक जुनाच राहतो, आणि ही अदलाबदल डिस्क कोणालाही न सांगता करते. वापरणाऱ्याला वाटते, सर्व काही ठीक आहे.

सातबाऱ्याच्या उपमेलाही मर्यादा आहेत, आणि त्या वर्गात सांगायलाच हव्यात. पहिली अशी की, आजच्या एस.एस.डी. या साठवणीत फिरणारी तबकडी नसते. तिच्यात फाइल पुसली की बहुधा "ट्रिम" नावाचा संदेश जातो आणि ती जागा एस.एस.डी. सवडीने स्वतःच साफ करते. नाव कमी होताच पीकही कापले जाते. त्यामुळे हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल परत मिळण्याची जी आशा असते, ती एस.एस.डी.वर धरू नये. कोणतीही उपमा कुठे तुटते हे दाखवणे हाही विज्ञान शिकवण्याचाच भाग आहे.

डिस्क थकते, एकदम मरत नाही (आणि कधी कधी एकदमच मरते)

कपाट गंजते ते डोळ्यांना दिसते. डिस्कचे थकणे पाहण्यासाठी १९९० च्या दशकात "स्मार्ट" नावाची व्यवस्था आली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांसारख्या मोफत प्रोग्रॅमनी ती वाचता येते. त्या लांबलचक तक्त्यात शिक्षकाने मुख्यतः चार ओळी पाहाव्यात. क्रमांक ५ : किती सेक्टरांना पर्यायी जागा दिली. क्रमांक १९७ : किती सेक्टर संशयित, निर्णयाच्या प्रतीक्षेत. क्रमांक १९८ : किती सेक्टर वाचता आलेच नाहीत. क्रमांक १९९ : डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतील चुका. पहिल्या तिन्हींचे आकडे शून्यावरून वाढू लागले की डिस्क थकली. फक्त चौथाच आकडा वाढत असेल, तर दोष डिस्कपेक्षा केबलचा असण्याची शक्यता अधिक. तेव्हा आधी केबल बदलून पाहावी.

या आकड्यांवर किती विसंबावे? गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत अशी डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा. परंतु त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमानाची नोंद सोडली तर, कोणताही इशारा दिलेला नव्हता. आकडे चांगले आहेत म्हणून प्रत काढून ठेवायची नाही, हा युक्तिवाद इथे कोसळतो.

त्याच अभ्यासाने "उष्णतेने डिस्क जाते" या समजुतीलाही धक्का दिला. तापमान आणि बिघाड यांचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा फार क्षीण आढळला. मात्र हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावताना शिक्षकाने विवेक ठेवावा. तो अभ्यास सांभाळलेल्या वातावरणातील यंत्रांचा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, धुळीने बुजलेल्या पंख्यासह चालणाऱ्या संगणकाचा नाही. आकडा कुठून आला हे विचारल्याशिवाय तो वापरू नये, याचा हा चांगला नमुना आहे.

पाच वर्षांचा हिशेब

आता थोडी टीका यंत्रणेवर. केंद्र शासनाची शाळांमधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये तिच्यात सुधारणा झाली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने आली, आणि इथे पुरवठादार संस्थेने संगणक बसवायचे, पाच वर्षे चालवायचे-सांभाळायचे व मग शाळेच्या ताब्यात द्यायचे, अशी पद्धत वापरली गेली. कागदावर ही व्यवस्था सुबक आहे. पण डिस्कच्या वयाशी ती ताडून पाहा. बॅकब्लेझ या साठवण-सेवा देणाऱ्या कंपनीने सुमारे २५,००० डिस्कच्या अनुभवावरून २०१३ मध्ये आकडे दिले. पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के डिस्क जातात, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के, आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के. नंतरच्या काळातील डिस्क अधिक टिकाऊ निघाल्या हे त्याच कंपनीने पुढे दाखवले. तरीही त्या योजनेतील यंत्रे ज्या काळातली होती, तो काळ साधारण याच आकड्यांचा. म्हणजे सांभाळणारा हात निघून जातो आणि डिस्कचे म्हातारपण सुरू होते, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. योजनेने यंत्र दिले, त्याचे वार्धक्य मात्र शाळेवर सोडले.

भर घालायला आपली जडसंग्रह नोंदवही आहेच. तिच्यात संगणकाची नोंद सहसा "संगणक संच – १" अशी एका ओळीत असते. संच चालतो किंवा चालत नाही; मधली अवस्था नोंदवहीला ठाऊक नसते. मग एक भाग बिघडला की अख्खा संच निर्लेखनाच्या यादीत जातो. आपण मुलांना शिकवतो की संगणक हा भागांचा बनलेला आहे, परंतु आपली नोंदवही सांगते की तो अखंड आहे. नोंदवहीत प्रत्येक संचासाठी डिस्कची क्षमता, जोडणीचा प्रकार आणि बदलल्याची तारीख एवढे तीन रकाने वाढवले, तरी पुष्कळ यंत्रे वाचतील.

डिस्क बदलण्याचा योग्य क्रम

बाजारातल्या सल्ल्यात नेहमी पहिला शब्द येतो "फॉरमॅट". त्याखालोखाल "चेकडिस्क चालवा", "डीफ्रॅग करा". निरोगी डिस्कसाठी ही साधने ठीक आहेत. थकलेल्या डिस्कवर मात्र ती हेडला संपूर्ण शिवार पालथे घालायला लावतात, वर दप्तरातही खाडाखोड करतात. "डिस्क फ्रीजमध्ये ठेवा" हा सल्ला तर आणखी वाईट, कारण बाहेर काढताच आत दव साचण्याचा धोका. योग्य क्रम असा :

१. निदान. खटखट असा ठराविक आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे. माहिती मोलाची असेल तर पुढचे काम तज्ज्ञ प्रयोगशाळेचे. आवाज नसेल तर स्मार्टचे आकडे पाहावेत, केबल तपासावी. जुन्या मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि "आधी कोणती डिस्क वाचायची" ही नोंदही बिघडू शकते. तेव्हा डिस्क धडधाकट असूनही "डिस्क सापडत नाही" असे दिसते. घड्याळ चुकीचे दिसले तर आधी ती बॅटरी बदलावी.

२. प्रत. दुरुस्तीच्या आधी प्रत. कार्यालयीन कागदपत्रे सर्वप्रथम बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. संपूर्ण डिस्कची नक्कल करायची तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो, अडणारे भाग शेवटी ठेवतो आणि कुठवर काम झाले याची नोंद राखतो. कापणीला आलेले रान आधी, काटेरी बांध नंतर, असा त्याचा शहाणपणा आहे.

३. निवड. फार जुन्या यंत्रात ४० पिनांची रुंद चपटी केबल असते. २००३ नंतर हळूहळू साटा ही अरुंद केबल आली. विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट उघडून केबल पाहावी. रुंद केबलच्या काही यंत्रांना २ चा २८ वा घात इतकेच सेक्टर मोजता येत. ५१२ ने गुणल्यास ही मर्यादा सुमारे १३७ अब्ज बाइट येते. त्याहून मोठी डिस्क त्यांत पूर्ण दिसत नाही. साटाच्या यंत्रात मोठा प्रश्न नसतो. पण जुन्या पद्धतीच्या विभाजन-तक्त्यात सेक्टर मोजायला ३२ बिटच असल्याने सुमारे २.२ लाख कोटी बाइटच्या, म्हणजे बोलीभाषेत २ टेराबाइटच्या, पुढे जाऊ नये.

शाळेच्या कामासाठी साटा जोडणीची लहान एस.एस.डी. बहुतेक वेळा पुरते. हार्ड डिस्कला हवा तो सेक्टर हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते आणि हेड सरकण्याचा वेळ वेगळा, एस.एस.डी.ला हे काम मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात जमते. "संगणक जुना झाला म्हणून मंद झाला" या तक्रारीचे बरेचसे उत्तर या एका फरकात आहे.

४. बसवणे. वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी. हाताने कॅबिनेटचा रंग न लावलेला धातूचा भाग आधी स्पर्शावा, म्हणजे अंगावरचा स्थितिक विद्युतभार निघून जाईल. केबल ओढताना वायर न धरता टोकाचा जोड धरावा. रुंद केबलच्या डिस्कवर मास्टर-स्लेव्ह ठरवणारा छोटा जंपर असतो, तो जुन्या डिस्कप्रमाणे ठेवावा. एस.एस.डी. लहान असल्याने तिला जोडपट्टी लागते आणि तिचे स्क्रूही वेगळे असतात. जुने जाड स्क्रू बळेच पिळू नयेत.

५. सुरुवात. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर सरळ नक्कल उतरत नाही; कार्यप्रणाली नव्याने घालून फाइली उतरवाव्या लागतात. नक्कल वापरली असेल तर बायॉसमधील साटाची पद्धत बदलू नये, नाहीतर विंडोज सुरू होताना अडते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११ व्या आवृत्तीच्या अटी जुन्या यंत्रांना झेपत नाहीत. अशा यंत्रात लिनक्स घालणे हा सरळ मार्ग आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्सही त्यासाठी आहे.

६. जुनी डिस्क. तिच्यावर अजून पीक उभे आहे हे विसरू नये. चालत असेल तर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत. चालत नसेल तर ती तशीच भंगारवाल्याला देऊ नये. तिचा शेवटचा उपयोग वर्गात आहे.

मेलेल्या डिस्कचा धडा

निकामी डिस्क शिक्षकाच्या देखरेखीखाली उघडावी. आतल्या आरशासारख्या तबकड्या, हेड धरणारा हात आणि त्या हाताच्या मुळाशी दोन अतिशय जोरकस निओडिमियम चुंबक मिळतात. बोट चिमटेल इतके ते जोरकस असतात, म्हणून मुलांच्या हाती सुटे देताना जपावे. डेस्कटॉप डिस्कची तबकडी बहुधा ॲल्युमिनियमची असते. (लॅपटॉपच्या डिस्कमध्ये काचेची असू शकते, ती फुटते, म्हणून घेऊ नये.) तबकडी तिरपी धरून तिच्यावरून चुंबकाचा छोटा तुकडा घसरवा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरीही तुकडा संथपणे उतरतो. का? तबकडीत निर्माण होणारे भोवरा-प्रवाह त्याला विरोध करतात. प्रयोग संपल्यावर तबकडीवर दोन्ही बाजूंनी ओरखडे काढावेत, म्हणजे माहितीही गेली. उरलेले भाग मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

इथे थोडा इतिहास जोडता येईल. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा ५० तबकड्यांच्या त्या धुडात सुमारे ५० लाख अक्षरे मावत होती आणि प्रत्येक तबकडीचा व्यास २४ इंच होता. पुढे हेड अधिकाधिक संवेदनशील करण्यात ज्या शोधाचा मोठा वाटा होता, तो आल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रूनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे लावला व २००७ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. शाळेतील भंगारात पडलेल्या डिस्कमध्ये नोबेलविजेते पदार्थविज्ञान आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही.

हिंगोलीच्या संदर्भात हे अधिक बोचते. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करण्याचे ठरले असून, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमधला, प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल मोजू पाहणारे हे यंत्र. तिथे पुढे काम करू शकतील अशा तंत्रज्ञांना नॅनोमीटरची पहिली ओळख आपल्या शाळेतल्या बंद पेटीतून होऊ शकते. अट एवढीच की ती पेटी उघडली पाहिजे.

प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात

उपमा बदलायची तर प्रश्न बदलायला हवेत. "हार्ड डिस्क म्हणजे काय? दोन वाक्यांत उत्तर लिहा" या प्रश्नाला कपाट पुरते, म्हणून कपाटच शिकवले जाते. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहावेत :

१) डब्यावर ५०० गीगाबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ का दिसते? (सूचना : ५०० × १० चा ९ वा घात या संख्येला २ च्या ३० व्या घाताने भागा.)

२) फॉरमॅट केलेला संगणक विकण्यात कोणता धोका आहे? सातबाऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा. हेच उदाहरण एस.एस.डी.ला लागू पडते का?

३) डिस्कच्या आत निर्वात पोकळी असती तर काय झाले असते?

४) एका संगणकात स्मार्टची १९९ ही नोंद रोज वाढते आहे, ५ आणि १९७ मात्र शून्य आहेत. तुम्ही काय बदलाल आणि का?

५) आपल्या शाळेतील कोणती माहिती फक्त एकाच डिस्कवर आहे? यादी करून मुख्याध्यापकांना द्या.

पाचवा प्रश्न मुलांना देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः सोडवावा. तो सोडवायला पेनड्राइव्ह आणि एक दुपार एवढेच लागते.